पुरुषांच्या बाजूलाही डबा हवा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं म्हटलं की लोक विचारतात, "गाठ निघाली ना? मग सुटलात!" माझी निघाली, रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची खूण) खाली आला, आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण उभी हयात कृषी विद्यापीठाच्या शेतांवर काढलेल्या माणसाची लघवी साध्या खोकल्यानं सुटू लागते, तेव्हा तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो. दापोलीच्या आझाद मैदानावरच्या संध्याकाळच्या गप्पा मी बंद केल्या. वास येईल, ही एकच धास्ती.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते. ती काढताना लघवी धरणारा स्नायू दुखावतो, आणि ताठरतेच्या नसा तर तिला खेटूनच जातात. १९८२ साली अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी त्या नसा राखून ऑपरेशन करून दाखवलं, तरी सगळ्यांच्याच त्या वाचतात असं नाही. मला सावरलं केगेलच्या, म्हणजे लघवी धरणारे स्नायू आवळण्याच्या व्यायामानं. मुळात तो बाळंतपणानंतर बायकांसाठी सुचवलेला. आमच्या हिनं तो शेजारी बसून, आकडे मोजत माझ्याकडून करून घेतला.

तपासणीला मुंबईला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं. वाटेत एसटी थांबली की पॅड बदलायचं. पण ओलं पॅड टाकायचं कुठे? पुरुषांच्या स्वच्छतागृहात डबाच नसतो. मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून, कॅरीबॅगला गाठ मारून पिशवीच्या तळाशी, वर टॉवेल. शेजारचा भला माणूस म्हणतो, "द्या काका, वर ठेवतो." आपण पिशवी आणखी आवळून धरतो.

झाकणाच्या डब्याला असा किती खर्च येतो? ब्रिटनमध्ये 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' या संस्थेनं यासाठी मोहीमच चालवली. आपल्या नगरपंचायतीनं दापोलीत सुरुवात करावी.

आणि डॉक्टरांनी ऑपरेशनआधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून गळतीचं आणि अंथरुणातलंही स्पष्ट सांगावं, नंतरच्या प्रत्येक तपासणीत विचारावं. याच तालुक्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या रघुनाथरावांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत लैंगिक विषयांवर मोकळेपणानं बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. तरी दापोलीतला माझ्यासारखा माणूस आजही हे बायकोशी अंधारात, कुजबुजत बोलतो. कित्येकजण तेवढंही बोलत नाहीत. "झोप येत नाही" म्हणत खाट पडवीत हलवतात, आणि आपलं काय चुकलं हे घरातल्या बाईला कळतच नाही.