लोहाराच्या मुलानें एम.टेक. कां करूं नये?

आमच्या गांवच्या लोहाराचा मुलगा यंत्र अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी घेऊन आला, तेव्हां त्याचा बाप आम्हांस विचारावयास आला, "गुरुजी, पोरगा आणखी दोन वर्षें शिकायचं म्हणतोय. काय करूं?" आम्ही बेधडक सांगितलें, "पुरे झालें. नोकरीला लावा." मुलगा कारखान्यांत लागला. तो सल्ला आम्ही अज्ञानानें दिला, हें येथें कबूल करतों.

आमचें शिक्षण अध्यापक विद्यालयापुरतें. एम.टेक. म्हणजे बापाच्या खिशाला आणखी कात्री, एवढीच आमची समजूत. खरी गोष्ट अशी कीं, 'गेट' परीक्षेंत पात्र ठरून सरकारमान्य संस्थेंत पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळूं शकतें. फी कोठें हलकी, कोठें जबर, ती आधीं पाहावी. घरीं पाठविण्याइतकें उरत नाहीं, पण खानावळीचें भागतें. ज्या घरांत आधींच कोणी इंजिनिअर आहे तेथें ही माहिती जेवतांना मुलांच्या कानांवर पडते. आमच्या घरांत ती सांगणार कोण? सांगणारे आम्ही, आणि आम्हीच कच्चे निघालों!

आमचे शेतकरी बंधू म्हणतील, त्यांत नवें तें काय? लोहार विळा लाल करून पाणी देतो, मग थोडी ऊब देऊन ठिसूळपणा घालवितो. हात बरोबर चालतो. कारण मात्र हाताला ठाऊक नसतें. तापलेलें पोलाद एकदम निवलें म्हणजे त्यांतील कार्बनला बाहेर पडण्यास सवड मिळत नाहीं, तो आंतच अडकतो व धातू कठीण होतो. या घडणीस जर्मन शास्त्रज्ञ मार्टेन्स याच्या नांवावरून मार्टेन्साइट म्हणतात. पदवीला हें पाठ करून पास होतां येतें. एम.टेक.ला दुसरें वर्ष बहुतेक एकाच प्रश्नावर घालवून प्रबंध लिहावा लागतो. आमच्या मुरमाड रानांत रोटाव्हेटरचें पातें इतक्या लवकर कां झिजतें, हा प्रश्न तेथें कोण नेणार? ज्याच्या बापाच्या भट्टीवर तीं झिजलेलीं पातीं येऊन पडतात, त्यानेंच ना?

गेटला वयाची अट नाहीं. परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते, अर्ज पावसाळा सरतांना निघतात आणि गुण तीन वर्षें चालतात. गेल्या रविवारीं आम्ही स्वतः भट्टीवर जाऊन बापास हें सारें सांगितलें. मुलगा दिवाळीस येईल तोंवर अर्जाची मुदत टळेल, सबब त्यास आजच फोन करावा, असें ठरलें आहे.