फॉर्म्युला वन आणि कालनिर्णय

माझ्या भाच्याला फॉर्म्युला वनची शर्यत एकदा तरी प्रत्यक्ष बघायची आहे. पोराचं वेड मला परकं वाटत नाही. आमच्या अलोऱ्यात वसाहत उभी राहिली तीच कोयना प्रकल्पाच्या कामासाठी. कोळकेवाडी धरण शेजारीच आहे आणि तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात ८० मेगावॅटची चार जनित्रं आहेत. इथल्या पोरांना यंत्रांचं कौतुक शिकवावं लागत नाही. पण अलोऱ्यातून परदेशी शर्यतीला जायचं म्हटलं की पैशांच्या आधी दुसराच प्रश्न येतो. त्या आठवड्यात घरी काय असणार?

म्हणून त्याने मोबाइलवर शर्यतींचं वेळापत्रक काढलं, मी कालनिर्णय घेतलं आणि २०२५ चं अख्खं वर्ष ताडून पाहिलं. मेलबर्न, १६ मार्च. होळी नुकतीच पेटलेली, पालख्या अजून फिरतायत. ग्रामदेवतेची पालखी दारात आणि घरचा मुलगा ऑस्ट्रेलियात, हे गावकीला सांगायची छाती कोणाची? मोनॅको, २५ मे. आंबा काही उतरवलेला, काही झाडावरच, आणि मान्सून नेमका त्याच दिवशी कोकणात येऊन ठेपला. सिल्व्हरस्टोन, ६ जुलै. आषाढी एकादशी, शिवाय लावणीचे दिवस. मोन्झा, ७ सप्टेंबर. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. चाकरमानी गणपतीला घरी येतात तेव्हा आम्ही इटलीचं विमान पकडायचं? सिंगापूर, ५ ऑक्टोबर. हळवं भात कापणीला आलेलं आणि डोक्यावर परतीचा पाऊस.

उरली अबुधाबी, ७ डिसेंबर. भात घरात आलेलं, दिवाळी होऊन गेलेली, आंब्याच्या मोहोराची जेमतेम चाहूल. २०१४ पासून हंगामातली शेवटची शर्यत तिथेच होत आली आहे. ती जणू कोकणी माणसाला विचारूनच ठेवली असावी.

भाच्याचं मन मोनॅकोत अडकलेलं. "मामा, शर्यत म्हणजे मोनॅको! १९२९ पासून चालू आहे." असेल. पण ३.३३७ किलोमीटरच्या त्या गल्लीबोळांतून पुढच्या गाडीला मागे टाकायचं कुठून? २०२४ साली तिथे पहिले दहा जण सुटताना ज्या क्रमाने उभे होते, त्याच क्रमाने शर्यत संपवून आले. एवढा खर्च करून मिरवणूक बघायची असेल तर चिपळुणात दरवर्षी निघते. स्पाचा मोह मला होता, अर्डेनच्या जंगलातला तो चढउतार पाहावा असं वाटायचं. पण २०२१ साली पावसामुळे तिथे सेफ्टी कारच्या मागे जेमतेम काही फेऱ्या झाल्या, खेळ आटोपला आणि अर्धे गुण वाटून टाकले. प्रेक्षक दिवसभर चिखलात. त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, आमचं चिपळूण पुराखाली गेलं होतं. पावसात भिजायला पैसे देऊन बेल्जियमला जायची आम्हाला काय गरज?

खरं दुःख वेगळंच आहे. एकेकाळी ही शर्यत बघायला पासपोर्ट लागत नव्हता. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन धावली. तिन्ही वेळा वेटेल जिंकला. पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक कुत्रा शिरला, तेव्हा साऱ्या जगाला भारताची ओळख पटली. २०१३ मध्ये चौथं विजेतेपद नक्की झाल्यावर वेटेलने गाडी गरागरा फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे लोटांगण घातलं. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, त्याच कुळातला नमस्कार वाटला मला तो. पुढे करांच्या वादात सगळं बंद पडलं. एवढा मोठा ट्रॅक बांधायचा, तीन वर्षं वापरायचा आणि सोडून द्यायचा, याला मी नुसता करंटेपणा म्हणेन.

तर अबुधाबी. यास मरीना सर्किट २००९ पासूनचं आहे, एक फेरी ५.२८१ किलोमीटरची, अशा ५८. शर्यत सुटते उजेडात आणि संपते दिव्यांच्या झगमगाटात. विजेतेपदाचा निकालही तिथे शेवटच्या दिवशी लागलेला आहे. २०१० मध्ये वेटेल, २०२१ मध्ये शेवटच्या फेरीत हॅमिल्टनला गाठणारा वेरस्टॅपन, २०२५ मध्ये अवघ्या दोन गुणांनी नॉरिस. तिकीट काढताना पाचव्या वळणाजवळची जागा बघावी. वेरस्टॅपनने हॅमिल्टनला मागे टाकलं ते तिथेच. मुख्य स्टँडला भपका जास्त, पण समोरून गाडी गेली कधी ते कळतही नाही. शुक्रवारचा सराव, शनिवारची पात्रता फेरी आणि रविवारची शर्यत असं तीन दिवसांचं तिकीट घ्यावं. शुक्रवारी गर्दी कमी असते आणि गाड्या निवांत बघता येतात. कानात घालायला बोळे न्यावेत.

राहायचं यास बेटावर नाही. शर्यतीच्या आठवड्यात तिथल्या हॉटेलांचे दर आपल्यासाठी नसतात. चिपळूण, खेड, दापोलीतल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे. आमचाही एक आतेभाऊ शारजाला आहे. त्याला आधी विचारावं आणि कोकम, कुळथाचं पीठ घेऊन जावं. व्हिसा इथूनच काढून जायचा. मुंबईच्या विमानतळापर्यंत मात्र रेल्वेनेच जावं. महामार्गाच्या भरवशावर विमान पकडायला निघणाऱ्याला मी शूर म्हणेन, शहाणा नाही म्हणणार.

भाच्याला हे सगळं पटलं. त्याच्या आईला अजून पटायचं आहे, पण डिसेंबरला घरात काम नाही, हे तीही नाकारू शकत नाही. तुमच्याही घरात असा कोणी वेडा असेल तर त्याला तिकिटाच्या आधी पासपोर्ट काढून बघायला सांगा. प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिन्यांची मुदत त्यावर शिल्लक असावी लागते.