यजमान आधी जेवले

मागच्या वर्षी एक जुलैला मी कलबुर्गीतल्या एका हॉटेलात 'डॉक्टर्स डे'च्या डिनरला गेले होते. मी डॉक्टर नाही, डॉक्टरची बायकोही नाही, साहित्याची विद्यार्थिनी आहे. ताईबरोबर गेले, कारण दाजींना ऐनवेळी जमलं नाही. आणि दाजींना जमलं नाही, कारण ते डॉक्टर आहेत.

दाजी तेव्हा जनरल मेडिसिनच्या पीजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे रेसिडेंट. कलबुर्गीत मेडिकल कॉलेजं एकाहून जास्त आहेत, जुनं तर 1963 चं आहे. त्यांतलं आमचं कुठलं ते मी सांगणार नाही. ताईला अजून तिथे दिवस काढायचेत.

आमचं घर भालकीचं, बिदर जिल्ह्यातलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, आणि रविवारी मिस्सा ज्या भाषेचे फादर असतील त्या भाषेत. कलबुर्गीच्या दवाखान्यांत अक्कलकोट-उमरग्याकडचे पेशंटही येतात. "छातीत कळ मारतीया" म्हणजे नक्की काय, हे बेळ्ळारीकडच्या डॉक्टरला समजावून सांगायला दाजींना दुसऱ्या वॉर्डातूनही बोलावणं येतं. त्याचा वेगळा पगार नाही, वेगळी सुट्टी नाही. मातृभाषेचं महत्त्व वगैरे आपण या अंकात नेहमी लिहितो. दाजींना विचारलं तर ते म्हणतील, मला एक भाषा कमी आली असती तर रोज अर्धा तास जास्त झोपलो असतो.

तर ते डिनर. निमंत्रणाच्या कार्डावर लिहिलं होतं, रेसिडेंट डॉक्टर्स आणि त्यांचे जोडीदार यांच्या सन्मानार्थ. वर्गणी माणशी 800 रुपये. सन्मान ज्यांचा, वर्गणीही त्यांचीच. ताईनं तरी इरकल काढली, मैत्रिणीकडून कानातले आणले. साडेसातची वेळ होती, आम्ही सात चाळीसला पोचलो आणि उशीर झाला म्हणून ओशाळलो. हॉलमध्ये माइकवाला आणि खुर्च्या पुसणारी एक मावशी, एवढेच होते.

प्रमुख पाहुणे नऊ वाजून दहा मिनिटांनी आले. मग दीपप्रज्वलन, हारतुरे, शाल. स्टेजवर नऊ सीनियर डॉक्टर बसले होते. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आमच्या टेबलाला आठ खुर्च्या. त्यांतल्या पाचांवर आम्ही: ताई, मी, आणखी दोन डॉक्टरांच्या बायका आणि सोलापूरचा एक इंजिनियर, ज्याची बायको गायनॅकला रेसिडेंट. त्याची दोन वर्षांची मुलगी दोन खुर्च्या जोडून झोपली होती. उरली एक. तिच्यावर नऊ वाजता एक खराखुरा रेसिडेंट येऊन बसला, काकडीच्या चार चकत्या खाल्ल्या, फोन वाजला, गेला. इंजिनियर म्हणाला, "लग्नाला तीन वर्षं झाली. हिच्या कॉलेजच्या तिन्ही डिनरला मी आलोय. ही एकालाही नव्हती."

भाषण कन्नडमध्ये होतं. प्रत्येक यशस्वी डॉक्टरच्या मागे त्याच्या पत्नीचा त्याग असतो, असं पाहुणे म्हणाले. त्याग हा शब्द कन्नडमध्येही त्यागच, त्यामुळे भाषांतर लागलं नाही. टाळ्या झाल्या. इंजिनियर हसला आणि मुलीच्या अंगावरची ओढणी नीट केली.

मला या शब्दाबद्दल थोडं बोलायचंय. त्याग माणूस स्वतः करतो. दुसऱ्यानं तुमच्याकडून परस्पर घेतलं, तर त्याला वेगळे शब्द आहेत. ताईची भालकीतल्या शाळेतली नोकरी गेली, कारण दोघांनी दोन गावांत राहायचं तर महिन्यातून एकदा भेट होणंही अवघड होतं. ती आता हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहते आणि शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेते. दोन वर्षांपूर्वी तिला ताप भरला, तेव्हा ती त्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत चिठ्ठी काढून रांगेत उभी राहिली. दाजी वरच्या मजल्यावर होते. तिनं फोन केला नाही, कारण "त्यांचा ॲडमिशन डे होता." याला त्याग म्हटलं की कुणी काही द्यावं लागत नाही. टाळ्यांत भागतं.

सव्वादहाला जेवण खुलं झालं. आधी स्टेजवरची मंडळी, मग त्यांचे कुटुंबीय, मग आम्ही. तोवर पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. दाल मखनी होती. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआय मिळालाय, शहराबाहेर पडलं की मैलोन् मैल तूर, आणि हॉलमध्ये दाल मखनी! भाकरी नाही, पुंडीची भाजी नाही, शेंगाचटणी नाही. गुलाबजाम चांगले होते, मी तीन खाल्ले, हे प्रामाणिकपणे सांगते.

पण जेवण बेचव होतं म्हणून मी हे लिहीत नाहीये. माझ्या डोक्यात राहिली ती ती रांग. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, घरचा माणूस शेवटी जेवतो. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, भांड्याला लागलेलं खरवडून. आमच्या पॅरिशच्या सणाला फादर स्वतः भाताचं घमेलं घेऊन फिरतात आणि नको नको म्हणता वाढतात. इथे यजमान आधी जेवले, पाहुण्यांनी पैसे भरले, आणि ज्यांच्यासाठी सगळं होतं ते कामावर होते.

दाजी त्या वेळी काय करत होते, ते नंतर कळलं. संध्याकाळी आळंदकडचा एक शेतकरी आणला होता, कीटकनाशक प्यायलेला. आमच्या भागात हे नवीन नाही. ऑर्गनोफॉस्फेट पोटात गेलं की माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, बुबुळातलं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं होतं, छातीत स्राव साठतो आणि तो कोरड्यावर बुडायला लागतो. त्याला ॲट्रोपिन देतात, पाच-पाच मिनिटांनी, डोस वाढवत, छातीतला घरघर आवाज थांबेपर्यंत. कुणीतरी खाटेशेजारी बसून राहावं लागतं. दाजी बसले होते. त्यांनी उठायला हवं होतं असं ताईही म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही.

माझा प्रश्न स्टेजवरच्या नऊ जणांना आहे. त्या सगळ्यांना ॲट्रोपिन देता येतं. दाजींपेक्षा चांगलं येत असेल. मग वर्षातल्या त्या एका रात्री, पाच तास, वॉर्डात ते का नव्हते?

याचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: आम्हीही केलंय. आमच्या काळी तर 48-48 तास उभे होतो. खरंच असेल. पण ही पद्धत कुणी आणि कशी घातली ते पाहण्यासारखं आहे. रेसिडेंट म्हणजे राहणारा. अमेरिकेत 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं, तिथे ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी ही शिक्षणपद्धत बसवली, तेव्हा शिकणारे डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलात राहायचे आणि त्यांनी लग्न करू नये अशी अपेक्षा असायची. हॉल्स्टेड मोठा सर्जन होता. त्याला आधी कोकेनचं आणि पुढे मॉर्फिनचं व्यसन होतं, हेही नोंदलेलं आहे. ज्याच्या घरी कुणी वाट बघत नाही अशा माणसासाठी बेतलेलं वेळापत्रक आपण अजून चालवतोय, फक्त आता कार्डावर 'आणि त्यांचे जोडीदार' छापतो. (ज्यांच्या नावानं आपण 1991 पासून एक जुलै पाळतो ते डॉ. बिधानचंद्र रायही अविवाहितच होते. हा योगायोग, पण मला तो हॉलमध्ये बसल्या बसल्या आठवला.)

तिकडे निदान पुढे काही घडलं. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची 18 वर्षांची मुलगी दगावली. तिला बघणारे रेसिडेंट फार तास सलग काम करत होते, यावरून रान उठलं आणि 1989 पासून त्या राज्यात रेसिडेंटला आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. आपल्याकडेही कागद आहे. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. 2024 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सनं आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. दाजींना मी हे वाचून दाखवलं. ते पाचव्या वाक्याला झोपले होते.

एक बाजू मांडायला हवी. डिनर भरवणारे दोन असिस्टंट प्रोफेसर दिवसभर राबले होते आणि हॉलचे कमी पडलेले पैसे त्यांनी खिशातून भरले, असं मागाहून कळलं. पूर्वी असल्या जेवणावळी औषध कंपन्या घालायच्या. मार्च 2024 मध्ये केंद्रानं कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली, त्यात डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना हॉटेल, महागडं जेवण देण्याला मनाई आहे. बरंच झालं. वर्गणी त्यामुळेच आली असेल, आणि त्या दोघांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण हेतू चांगला असूनही टेबलावर तीन-तीन खुर्च्या रिकाम्या राहत असतील, तर पुढच्या वर्षी हॉल बुक करण्याआधी ड्यूटीचा तक्ता बघायला काय हरकत आहे? हॉलच नको. सीनियरांनी एक रात्र वॉर्ड सांभाळावा, रेसिडेंटांना संध्याकाळी सहाला घरी सोडावं, फोन बंद ठेवायला सांगावं. खर्च शून्य. भाषणही शून्य.

आम्ही अकराला निघालो. ताईनं वेटरला विचारलं, एक डबा भरून द्याल का, एका माणसाचे पैसे भरलेत आणि तो आला नाही. तो म्हणाला, बुफे पार्सल होत नाही. मग स्टेशनरोडला गाड्यावरून तहारी घेतली आणि हॉस्पिटलच्या गेटवर थांबलो. दाजी खाली आले. ॲप्रनच्या बाहीवर काहीतरी सुकलेलं होतं. कुणाच्या तरी बाईकच्या सीटवर कागद पसरून त्यांनी उभ्या उभ्या तहारी खाल्ली, ताईच्या साडीकडे बघून "ही नवी?" म्हणाले. ती म्हणाली, "लग्नातलीच आहे." दहा मिनिटांत वर गेले. शेतकरी वाचला का, असं मी विचारलं तर म्हणाले, "अजून घरघर आहे."

हा लेख छापायच्या आधी मी ताईला वाचून दाखवला. तिला पटला नाही. "तुम्ही लिहिणाऱ्या पोरी सगळं मोडून काढता," म्हणाली. "ते डिनर बंद झालं तर मग काय राहिलं? तुझे ते सीनियर डॉक्टर रात्रीला थांबणार आहेत होय? जेवण जाईल आणि सुट्टीही मिळणार नाही." मी म्हणाले, तिथे तुझं नावही कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नसू दे. वर्षातून एकदा चांगलं नेसून कुणाच्यात तरी बसते. त्या गायनॅकवालीचा नवरा, त्या दोघी, आम्ही एकमेकांचे नंबर घेतले त्या दिवशी. मला परत ताप आला तर आता फोन करायला तिघं आहेत."

हे मला हॉलमध्ये दिसलं नव्हतं. मी स्टेजवरची माणसं मोजत होते.

यंदाचं कार्ड गेल्या आठवड्यात आलं. वर्गणी 1000 झालीये. दाजी आता तिसऱ्या वर्षाला आहेत, तक्ता लागलाय आणि एक जुलैला त्यांच्या युनिटचाच ॲडमिशन डे आहे. ताईनं दोघांचे पैसे भरलेत. मला विचारलंय, येतेस का.