‘परत घेणार नाही’ चालणार नाही!



‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गल्ल्यामागे देवाच्या फोटोशेजारी ही पाटी असते आणि आपण ती निमूट वाचतो. जणू सरकारी हुकूमच! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उलट सांगतो. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंसुद्धा.

दुसरं पालुपद : ‘बनवते कंपनी, आम्ही फक्त विकतो.’ सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाईची जबाबदारी उत्पादकाची आहेच. पण उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, किंवा कंपनीनं दिलेली धोक्याची सूचना दुकानदारानं तुमच्यापर्यंत पोहोचवलीच नसेल, तर तोही सुटत नाही. (वस्तू तुम्हीच भलत्या कामाला वापरली असेल तर मात्र त्याला धरता येणार नाही, हेही सांगून ठेवतो.)

प्रेशर कुकरचंच घ्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तरी बिनमार्काचे कुकर ऑनलाइन खपत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अ‍ॅमेझॉनला असे २,२६५ कुकर परत मागवून गिऱ्हाइकांचे पैसे देण्याचा आदेश दिला. दंड किती? एक लाख! या विक्रीवर कंपनीनं घेतलेलं शुल्कच सहा लाखांच्या वर होतं. तरीही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. असल्या दंडाला कोण भिणार?

ऑनलाइन विक्रेत्याकडे तुमचा पत्ता, मोबाइल, सगळं असतं. सेलचे मेसेज रात्री-अपरात्री येतात. ‘हा कुकर वापरू नका, पैसे परत घ्या’ एवढा एक मेसेज पाठवायला काय जातं?

आमचं म्हणणं साधं आहे. दंड विकलेल्या मालाच्या किमतीच्या पटीत हवा. माल परत मागवल्याची नोटीस प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागात, मराठीत, ठळक अक्षरांत लागली पाहिजे.

तोवर पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सदोष वस्तू फेकू नका, दुरुस्तीलाही टाकू नका, तोच पुरावा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंही भागलं नाही तर आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.