समजून घ्या : जिल्ह्यांच्या वेबसाइटचा साचा एकच, मग यादी मोबाइलवर का वाचता येत नाही?

अमरावती आणि अकोला जिल्हा प्रशासनाची संकेतस्थळे शेजारीशेजारी उघडली, तर दोन्ही सख्खी भावंडे वाटतात. वर शासकीय पट्टी, अक्षरे लहान-मोठी करण्याची आणि भाषा बदलण्याची सोय, खाली मेनू, मोठे छायाचित्र, मग सूचना आणि सेवांचे चौकोन. एका जिल्ह्यात १४ तालुके, दुसऱ्यात ७. एकीकडे मेळघाटचे डोंगर, दुसरीकडे खारपाणपट्टा. पाने मात्र एकाच साच्यातली. यामागे वेब डिझाइनमधील एक साधे तत्त्व आहे : मांडणीचे नियम एकदाच लिहा आणि सगळीकडे वापरा. हे तत्त्व सरकारने स्वीकारले, ते योग्यच झाले. पण ते अर्ध्या वाटेवर थांबले आहे आणि त्याची झळ सामान्य माणसाला बसते.

दोन जिल्ह्यांची पाने सारखी का?

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, सरकारी कार्यालयांसाठी ‘एस-थ्री-वास’ ही सेवा उभारली. सुरक्षित, गरजेनुसार वाढवता येणारी आणि सर्वांना सुगम अशी वेबसाइट तयार सेवा म्हणून देणे, हा तिचा हेतू. जिल्ह्याने नव्याने साइट बांधायची नाही. तयार साचा निवडायचा आणि त्यात आपली माहिती भरायची. अमरावती आणि अकोल्यासह देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे याच व्यवस्थेवर चालतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. सरकारी संकेतस्थळांचे रंग, अक्षरे, चिन्हे कशी असावीत हे सांगणारी ‘डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल’ ही नियमपुस्तिका जाहीर झाली. ब्रिटनने २०१८ मध्ये आपली ‘गव्ह-डॉट-यूके डिझाइन सिस्टीम’ खुली केली, तीही याच विचारातून.

स्टाइलशीट म्हणजे नेमके काय?

वेबपानाचे दोन भाग असतात. कोणता मजकूर शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता तक्ता, हे एचटीएमएल सांगते. तो दिसावा कसा, हे सीएसएस म्हणजेच स्टाइलशीट सांगते. होकन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसचे पहिले अधिकृत मानक आले. त्याआधी रंग आणि अक्षरांचा आकार प्रत्येक ओळीपाशी वेगळा लिहावा लागे. शंभर पानांचा रंग बदलायचा, तर शंभर पाने उघडावी लागत.

वऱ्हाडातल्या माणसाला हे तिफणीवरून लगेच उमगेल. तिफणीच्या फणांमधले अंतर एकदा ठरले की वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत प्रत्येक तास त्याच अंतराने पडते. दर पावलावर कोणी टेप घेऊन मोजत नाही. स्टाइलशीटचे कामही असेच. मात्र फणाचे अंतर चुकले, तर अख्खे वावर चुकते, हेही तितकेच खरे.

पुन्हा वापरता येणारा साचा कसा बांधतात?

चांगल्या साच्यात साधारण तीन थर असतात.

• मूल्ये : मुख्य रंग, अक्षरांचे आकार, दोन घटकांमधली जागा. ही एकाच ठिकाणी नावानिशी नोंदवतात. ‘मुख्य रंग’ तिथे बदलला की तो वापरणारी सगळी बटणे आणि पट्ट्या आपोआप बदलतात.

• नमुने : सूचनापट्टी, सेवेचा चौकोन, अर्जातला रकाना, तक्ता. प्रत्येकाचे नियम एकदाच लिहायचे आणि गरज पडेल तिथे तोच नमुना वापरायचा.

• मांडणी : हे नमुने पानावर कसे बसावेत, याची चौकट. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांमध्ये ‘सीएसएस ग्रिड’ आल्यापासून हे काम बरेच सोपे झाले आहे.

यात नावे ठेवण्याला फार महत्त्व आहे. नमुन्याला ‘लालपट्टी’ असे नाव दिले आणि उद्या पट्टी निळी झाली, तर नाव खोटे पडते. ‘डावारकाना’ म्हटले आणि मोबाइलवर तो खाली गेला, तरी तेच. ‘तातडीची सूचना’ हे नाव मात्र टिकते, कारण ते काम सांगते, रूप नाही. रशियातील यांडेक्स कंपनीत रुजलेली ‘बेम’ पद्धत असो की २०११ मध्ये ट्विटरमधल्या दोघांनी खुले केलेले ‘बूटस्ट्रॅप’ असो, नमुन्यांना शिस्त लावणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा.

ही शिस्त नसली की काय होते? एका कंत्राटदाराने साइट बांधली, दुसऱ्याने त्यावर नियम चढवले. जुना नियम काढायची भीती वाटते म्हणून तिसरा ‘हाच नियम महत्त्वाचा’ अशी सक्तीची खूण लावून आपला नियम रेटतो. काही वर्षांत अशा खुणांची रास साचते. मग एका पानावरचे बटण दुरुस्त केले की भलत्याच पानावरचा तक्ता मोडतो. अखेर ‘साइट नव्याने करून घ्या’ असा शेरा पडतो आणि जनतेचा पैसा त्याच कामावर पुन्हा खर्च होतो.

सामान्य माणसाचा यात काय फायदा?

पहिला फायदा मोबाइलचा. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली : पान एकच, पण पडद्याच्या रुंदीनुसार त्याची मांडणी बदलते. साच्यात ही सोय एकदा केली की ती प्रत्येक पानाला मिळते.

दुसरा फायदा डेटाचा. स्टाइलशीटची फाइल एकदा उतरली की ब्राउझर ती साठवतो आणि त्याच साइटच्या पुढच्या पानाला सहसा पुन्हा मागवत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, जिथे रेंज येते-जाते, तिथे याने फरक पडतो.

तिसरा आणि सर्वांत मोठा फायदा सुगमतेचा. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उठाव हवा, असे आंतरराष्ट्रीय सुगमता मानक सांगते. ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावरही मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, हीही त्यातली अट. फिकट अक्षरांची चूक साच्यात सुधारली, तर ती एका दमात सगळ्या जिल्ह्यांत सुधारते. दृष्टी अधू असलेल्या अकोटच्या माणसाला त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

मराठीसाठी वेगळे नियम लागतात का?

लागतात आणि नेमके तेच बहुतेक साच्यांत राहून जाते. कारण साचे आधी रोमन लिपीसाठी बांधले जातात. मराठी त्यात नंतर बसवली जाते.

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय येतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. इंग्रजी शीर्षके उठावदार दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात. तोच नियम मराठी शीर्षकाला लागला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठी मजकुरासाठी ओळींमधले अंतर वाढवायचे आणि अक्षरांमधली जागा शून्यावर ठेवायची, एवढे दोन नियम साच्यात घातले, तरी पान वाचनीय होते.

आणखी एक बारकावा आहे. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ब्राउझर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे स्वतःच निवडतो. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या याच रूपांचा आग्रह राज्य सरकारने २०२२ च्या शासन निर्णयात धरला आहे. तो वेबसाइटवर पाळायला साच्यात एक नोंद आणि योग्य फॉन्ट पुरतो. ती नोंद चुकून ‘इंग्रजी’ राहिली, तर पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मराठी मजकूर इंग्रजीच्या उच्चारनियमांनी वाचू पाहते.

मग साचा अपुरा कुठे पडतो?

समजा, वरूडच्या एका संत्रा बागायतदाराला नुकसानभरपाईच्या यादीत आपले नाव आहे का, हे पाहायचे आहे. साइट मोबाइलवर नीट उघडते, मेनू नीट चालतो, सूचनाही सापडते. तिच्यावर बोट ठेवले की उघडते पीडीएफ. तीही कागदावर छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केलेली.

इथे स्टाइलशीटचे राज्य संपते. स्कॅन म्हणजे फोटो. त्यातली अक्षरे पडद्यानुसार मोठी होऊन नव्याने मांडली जात नाहीत, नाव टाइप करून शोधता येत नाही, पान वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कोरा कागद वाटतो. माणसाला एका हाताने पान ताणत, दुसऱ्या हाताने सरकवत आपले नाव शोधावे लागते. नाहीच जमले, तर तो तहसीलची वाट धरतो किंवा सेतू केंद्रात पैसे मोजतो. ज्या कामासाठी साइट उघडली, त्याच कामापाशी साचा हात टेकतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी माहिती सुगम स्वरूपात देणे बंधनकारक आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्तीही आली आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटले. चौकट सुगम आणि आतला कागद दुर्गम, ही या कायद्याची अंमलबजावणी म्हणता येणार नाही.

सगळ्यांची साइट सारखी दिसली, तर ओळख पुसली जात नाही का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण संकेतस्थळ हे जिल्ह्याचे जाहिरातपत्रक नव्हे. ते कार्यालयाची खिडकी आहे. खिडकी प्रत्येक गावात एकाच जागी सापडली, तर लोकांचा वेळ वाचतो. मेळघाट असो की नरनाळा, जिल्ह्याची ओळख छायाचित्रांत, मजकुरात, भाषेत दिसावी. तिला साचा आडवा येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : साच्यातली चूकही एका दमात सगळीकडे पोहोचते. त्यावर उपाय साचा मोडणे हा नाही. बदल आधी मोजक्या पानांवर, साध्या मोबाइलवर आणि मराठी मजकुरावर तपासून मगच पुढे सोडणे, हा आहे.

वऱ्हाडात काय करता येईल?

• यादी तक्त्यातच : लाभार्थी याद्या, भरतीचे निकाल, निविदा यांसाठी साच्यात तक्त्याचा पक्का नमुना असावा आणि माहिती त्यातच भरावी. सहीची पीडीएफ सोबत जोडावी, पण तक्त्याऐवजी नव्हे. खासगी तपशील मात्र झाकलेले हवेत.

• निविदेत अट : महापालिका, नगर परिषदा, विद्यापीठे यांनी नवी साइट मागवताना पाने किती आणि स्लायडर किती, एवढेच पाहू नये. नमुन्यांचा संच, त्याची नोंदवही आणि स्टाइलशीट कार्यालयाच्या ताब्यात देण्याची अट घालावी. म्हणजे कंत्राटदार बदलला तरी साचा जाणार नाही.

• मराठीची कसोटी : साचा स्वीकारण्याआधी जोडाक्षरे, लांब शीर्षके आणि आकड्यांचे तक्ते त्यात घालून पाहावेत.

• विद्यार्थ्यांचे काम : अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेरा आणि अकोल्यातही अभियांत्रिकी शिकवले जाते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आणखी एक नवी साइट करण्यापेक्षा मोबाइलवर नीट वाचता येणारा आणि नावाने शोधता येणारा एकच मराठी यादी-तक्ता बांधला, तर तो राज्याच्या छत्तीसही जिल्ह्यांच्या उपयोगी पडेल.

यातल्या कशालाही महागडे तंत्रज्ञान लागत नाही. साचा आहे, नियम आहेत, कायदाही आहे. राहिली आहे ती कार्यालयाची एक सवय : छापा, सही करा, स्कॅन करा, चढवा. ती बदलली तर वरूडच्या बागायतदाराला आपले नाव मोबाइलवर मिनिटभरात सापडेल. साइट किती देखणी आहे यापेक्षा तिचे मोल त्या मिनिटावर ठरवले पाहिजे.