दुरुस्तीची किल्ली कुणाच्या हाती?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्या पियाजिओ कंपनीची तीनचाकी आपे तयार होते. २०१२ पासून व्हेस्पाही. एक ओझे वाहते, दुसरी मिरवते. मिरवण्याला आमची हरकत नाही. कामगाराच्या पोरालाही देखणी गाडी आवडते, आवडावी. हरकत निराळीच आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष आले आणि बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. धूर कमी झाला, हे स्वागतार्हच. परंतु पूर्वी इंदापूर तालुक्यातील दूधवाल्याची गाडी रस्त्यात रुसली, की नाक्यावरचा मिस्त्री पाना-पेचकसावर ती चालू करी. आता सेन्सर बिघडला की स्कॅनर हवा, आणि तो बहुधा अधिकृत विक्रेत्याकडे. तोवर दूध नासते! वर रंगीत पडदा आणि मोबाइल जोडण्याची सोय. दूधवाल्याने हे कधी मागितले होते? आम्हाला प्रगतीचे वैरी ठरवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने नट सैल होत नाही. स्कॅनर, सुटे भाग व दुरुस्तीची माहिती प्रत्येक मिस्त्रीला वाजवी दरात देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक करा, ही मागणी साथींनी बारामती-इंदापूरच्या गॅरेजांतूनच उभी करावी.