चार पर्यायांतले साहित्य

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अकोट हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापसाची बाजारपेठ आणि जवळचा नरनाळा किल्ला ही त्याची जुनी ओळख. अशा गावातील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्राध्यापक व्हावयाचे असेल, तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा म्हणजे त्याच्या वाटेवरील मोठा जकातनाका होय. हा नाका कोणता माल तपासतो, हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. उद्या वर्गात साहित्य कोण शिकवणार, हे तेथेच ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०१२ पासून नेटमधील वर्णनात्मक उत्तरांची पत्रिका रद्द केली आणि सारी परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. आज दोन पत्रिका, तीन तास, १५० प्रश्न आणि ३०० गुण असा तिचा आराखडा आहे. त्यांपैकी १०० प्रश्न व २०० गुण विषयाला. सेटचा साचाही हाच. साहित्याचा अध्यापक होऊ इच्छिणाऱ्याला या परीक्षेत स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु तिची बाजूही ऐकली पाहिजे. निबंधवजा उत्तरांत परीक्षकाची आवडनिवड, उमेदवाराचे अक्षर, त्याच्या भाषेचा प्रांतिक वळसा या साऱ्यांचे वजन गुणांवर पडे. यंत्राला अकोट आणि पुणे यांत भेद करता येत नाही. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. हजारो उत्तरपत्रिका वेळेत आणि एकाच मापाने तपासण्याचा खर्चही विचारात घ्यावा लागतो. तेव्हा चार पर्याय देणे हाच अपराध, असे म्हणता येणार नाही.

इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास बहुपर्यायी प्रश्नांची जी चाचणी तयार केली, ती मूकवाचनाची होती. म्हणजे या पद्धतीच्या आरंभीच्या चाचण्यांतली एक वाचन जोखण्यासाठीच जन्मली. आजही त्या देशात शालेय विद्यार्थ्यांसाठी असणाऱ्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेत इंग्रजी साहित्याच्या पत्रिकेत बहुपर्यायी प्रश्नांना ४५ टक्के आणि तीन निबंधांना ५५ टक्के वजन आहे. पर्यायी प्रश्नांपूर्वी उतारा किंवा कविता दिलेली असते. लेखकाची जन्मतिथी विचारली जात नाही. या ओळींत निवेदकाचा सूर कोणता आणि तो कशावरून, हे विचारले जाते.

आपल्याकडे उताऱ्यावरील प्रश्न अगदीच नसतात असे नाही, पण भर दिसतो तो जोड्या लावण्यावर, ग्रंथांचा कालानुक्रम ठरवण्यावर, लेखक व कृतींच्या नावांवर. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि कौतिक ही तिची नायिका, एवढे पाठ केले की गुण पदरात पडतात. कौतिकची दारिद्र्याशी झुंज ज्या वऱ्हाडी बोलीत उभी राहते, ती बोली अकोटच्या विद्यार्थ्याच्या घरची. त्या बोलीतला टोमणा, त्यातली माया त्याला कोशावाचून कळते. हे त्याचे भांडवल. आणि नेमके तेच या परीक्षेच्या बाजारात खपत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. “यंदा आभाळाने वऱ्हाडाचे सारे कर्ज फेडले,” या वाक्यातील अलंकार कोणता? निर्जीव आभाळाला माणसाचे कर्तृत्व दिले, म्हणून चेतनगुणोक्ती. प्रश्नसंच वाचलेला विद्यार्थी क्षणात खूण करील. आता हेच वाक्य एका उताऱ्यात ठेवू. दिवाळीच्या तोंडावर फुटलेल्या बोंडांवर पाऊस कोसळला आहे, वेचणीचा कापूस काळा पडला आहे आणि बांधावर उभा असलेला शेतकरी हे वाक्य उच्चारतो. बोलणाऱ्याचा सूर कोणता? कृतज्ञता, विनोद, उपरोध की अलिप्तता? नुसते वाक्य वाचणारा ‘कृतज्ञता’ निवडील. उतारा वाचणारा ‘उपरोध’ ओळखील. पर्याय दोन्हीकडे चारच आहेत. पहिला प्रश्न संज्ञा तपासतो, दुसरा वाचन. दोष पर्यायांचा नसून हरवलेल्या उताऱ्याचा आहे.

यातूनच तयारीची खरी रीत निघते. पर्यायांकडे पाहण्यापूर्वी उतारा पुरता वाचावा. उत्तर आधी मनात तयार करावे आणि मग पर्यायांत शोधावे. ज्या शब्दाच्या आधारे उत्तर दिले, त्यावर बोट ठेवता आले पाहिजे. चुकीचा प्रत्येक पर्याय चुकीच्या वाचनाचा एक नमुना असतो. एक अर्धेच खरे सांगतो. दुसरा खरा असूनही विचारलेल्याचे उत्तर नसतो. तिसरा ‘सर्वच’, ‘केवळ’ असे शब्द घालून मर्यादा ओलांडतो. वर्गात बरोबर उत्तर सांगून थांबण्याऐवजी उरलेले तीन का चुकले, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घेतले, तर तोच तास समीक्षेचा तास होईल. नेट-सेटमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. नुसती चिठ्ठी टाकली तरी शंभरात सरासरी पंचवीस उत्तरे बरोबर येतील. कारण देऊन दोन पर्याय बाद केले, तर तीच शक्यता दुप्पट होते. विचार करणे गुणांच्या हिशेबानेही फायद्याचे ठरते ते असे.

यावर विद्यार्थी म्हणेल, मूळ ग्रंथ वाचण्यास सवड कोठे आहे? तालुक्याच्या गावी प्रश्नसंच सहज मिळतो. मूळ ग्रंथासाठी बहुधा अकोला किंवा अमरावती गाठावी लागते. अडचण खरी आहे. परंतु या परीक्षांत बसलेल्यांपैकी सुमारे ६ टक्केच पात्र ठरवले जातात, हे विसरता येत नाही. निकाल असा सापेक्ष असला की सर्वांनी घेतलेल्या वस्तूचा लाभ कोणालाच मिळत नाही. पोळ्याच्या गर्दीत सारेच टाचा उंचावून उभे राहिले, तर पाय तेवढे दुखतात, बैलजोड्या अधिक दिसत नाहीत. सर्वांच्या हाती तोच प्रश्नसंच असेल, तर पुढे जाईल तो मूळ ग्रंथ वाचलेला.

मात्र सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. परीक्षा जे विचारते, तेच बाजार विकतो आणि वर्ग शिकवतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. त्याआधी २०२३ च्या आरंभी, हा बदल लांबणीवर टाकावा म्हणून पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले होते. जुन्या पद्धतीत ज्यांनी उमेदीची वर्षे गुंतवली, त्यांची ती धास्ती समजण्याजोगी होती. बदल करायचा तर पुरेशी पूर्वसूचना देऊन आणि पायरीपायरीने, हा त्यातला धडा.

नेट-सेटच्या मराठी पत्रिकेत पहिली पायरी म्हणून निम्मे प्रश्न छापील उताऱ्यांवर असावेत. पुढे एखाद्या लेखी उत्तराची भर पडावी. उतारे ‘लीळाचरित्रा’पासून आजच्या बोलींतील गद्यापर्यंत असावेत. महानुभावांच्या रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यातच, आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. अशा प्रश्नांचा नमुनासंग्रह तयार करून तो महाविद्यालयांना विनामूल्य देण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे. खर्च थोडा, लाभ दीर्घकाळचा. आज पर्यायावर खूण करणारा उमेदवार उद्या फळ्यासमोर उभा राहणार आहे. त्याने ‘धग’ वाचलेली असावी, एवढी अपेक्षा त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलांनी करणे जास्त नव्हे.